आत शिरणारं पाणी आणि बुजलेली भोकं: नेरूळच्या एका गाडीच्या दाराचं प्रकरण

गाडी २०१४ची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. मालक पहिल्यापासून एकच: बँकेतून निवृत्त झालेले काका, माझ्या मावसभावाचे सासरे. राहायला नेरूळला, पाम बीच रोडच्या बाजूला. सोसायटीत झाकलेलं पार्किंग नाही, त्यामुळे गाडी डावी बाजू कंपाउंडच्या भिंतीला लावून, गुलमोहराखाली, उघड्यावर उभी असते. चालणंही कमी. भाजी, देऊळ, आणि अधूनमधून ठाण्याला लेकीकडे.

तक्रार २०२४च्या जुलैत माझ्यापर्यंत आली. ब्रेक मारला की डाव्या बाजूच्या मागच्या दारातून खळखळ ऐकू येत होती. मागच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं आणि गाडीत कुबट वास. त्याच दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली फोड आले होते, त्यातला एक फुटून तपकिरी ओघळ खाली आला होता. काकांचं म्हणणं साधं होतं: "पाणी कुठून येतंय तेवढं सांग, मी बंद करून टाकतो."

गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये नोकरी केल्यामुळे आणि आता रबाळे एमआयडीसीत मित्राच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात येणंजाणं असल्यामुळे असली दारं बरीच बघण्यात येतात. तरी हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. कारण या गाडीवर आधी जे काही केलं गेलं, त्यातलं बरंचसं गाडीला पाण्यापासून वाचवायला केलं होतं, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीने गंज वाढवला होता.

दाराची रचना आधी सांगतो, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. गाडीच्या दारात पाणी जातंच. नव्या कोऱ्या गाडीच्याही जातं. काचेच्या बाहेरच्या बाजूला, जिथे काच दारात शिरते तिथे, रबराची पट्टी असते. गॅरेजात तिला बीडिंग म्हणतात. ती काच पुसते, पण पाणी पूर्ण अडवत नाही. काच वर-खाली व्हायची असेल तर ते शक्यही नाही. पावसाचं पाणी काचेवरून घसरत दाराच्या पोकळीत उतरतं आणि तळाशी ठेवलेल्या दोन-तीन भोकांतून बाहेर पडतं. कंपनीने दार आखतानाच हा रस्ता आखलेला असतो. दाराचा आतला पत्रा सलग नसतो, काच चढवणारी मशीन बसवायला त्यात मोठमोठ्या खिडक्या असतात. त्यावर प्लास्टिकचा किंवा पातळ फोमचा एक पडदा ब्युटिल रबराच्या चिकट दोरीने डकवलेला असतो. आतली ओल त्या पडद्यावर अडते आणि ओघळून परत पोकळीत जाते. पडद्याच्या अलीकडे आपल्याला दिसतं ते पॅड, ज्यावर हँडल, बाटलीचा खण वगैरे असतं.

तिसरी गोष्ट म्हणजे तळाची दुमड. बाहेरचा पत्रा खाली आतल्या पत्र्यावर वळवून घट्ट दाबलेला असतो, पापडीच्या कडेसारखा. दोन्हींच्या मध्ये चिकटद्रव्य, आणि वळणाच्या कडेवर सीलर. ही दुमड म्हणजे दाराचा सगळ्यात नाजूक भाग. कारखान्यात अख्खी बॉडी रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या मदतीने पहिला थर चढवतात. तो थर साधारण २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पोकळीतही पोचतो, पण दाबून बसवलेल्या दुमडीच्या आत जेमतेम पोचतो किंवा पोचतच नाही. तिथे पत्र्याला वाचवतं ते चिकटद्रव्य आणि सीलर. आणि तिथे पाणी तुंबलं नाही, तरच.

आता तपासणी. मी पॅडला हात लावण्याआधी गाडीखाली डोकं घातलं. डाव्या मागच्या दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं तर काळा, रबरासारखा, जाड लेप. भोकांच्या जागी नुसते खळगे. काकांना विचारलं तर म्हणाले, "अरे, दोन वर्षांमागे अँटी-रस्ट कोटिंग करून घेतलं होतं. खाली समुद्राची हवा, म्हटलं संरक्षण हवं." गाडी सजवायच्या दुकानात गाडी उचलून डांबरी लेप खालून फवारला होता. फवारणाऱ्याने मास्किंग टेप लावलेली नव्हती, लेप दाराच्या कडेवर चढला आणि भोकं भरली. डाव्या बाजूच्या मागच्या दाराची सगळी. पुढच्या दाराचंही एक भोक जेमतेम उघडं, बाकी बंद.

उजव्या बाजूला गेलो. तिथेही लेप होता, पण पातळ. प्रत्येक दाराचं किमान एक भोक मोकळं. उजव्या दारांना ना फोड, ना आवाज. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. तीच गाडी, तेच वय, तोच पाऊस, तीच खाडीची हवा. तोवर दिसलेला फरक म्हणावा तर एवढाच, की उजव्या बाजूच्या पाण्याला निघायला वाट होती, आणि डाव्या बाजूला भिंतीमुळे ऊन-वारा कमी लागत होता.

बांबूची काडी घेऊन डाव्या मागच्या दाराचं एक भोक उकललं. स्क्रूड्रायव्हर घालू नये, तो भोकाच्या कडेचा रंग खरवडतो आणि नेमका तिथूनच नवा गंज सुरू होतो. काडी फिरवताच पिचकारी उडावी तसं पाणी आलं. खाली टब धरला होता, त्यात अंदाजे दीड लिटर भरलं. तपकिरी, गुलमोहराची बारीक पानं कुजून झालेला काळा गाळ आणि गंजाच्या खपल्या. दाराच्या तळाची पन्हळ साधारण ८० सेंटिमीटर लांब आणि ५ रुंद धरली, तर दीड लिटर म्हणजे जवळपास ४ सेंटिमीटर उंचीचं पाणी. म्हणजे दुमड कायम बुडालेली आणि तिच्या वरचा पत्राही.

खळखळ थांबली. पण कार्पेट ओलं होण्याचा याच्याशी थेट संबंध नव्हता, आणि इथेच बरेच जण गल्लत करतात. ४ सेंटिमीटर पाणी गाडीत सांडायला पुरेसं उंच नव्हतं. कार्पेटची ओल दुसऱ्या दोषामुळे होती.

काकांना कोणीतरी एसीचा ड्रेन पाइप चोंदलाय असं सांगितलं होतं. त्या शक्यतेला तिथल्या तिथे रजा दिली. एसीचं पाणी पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी येतं, एसी चालवल्यावरच येतं आणि स्वच्छ असतं. इथे पुढचं कार्पेट कोरडं, मागचं ओलं, आणि गाडी नुसती पावसात उभी राहिली तरी ओल वाढत होती. दाराच्या चौकटीभोवतीचं मोठं रबरही तपासलं. कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. जागोजागी ती अडकून आली, म्हणजे रबर दाबलं जात होतं. मग आत वर्तमानपत्रं पसरून पाइपने पाणी मारलं. पाणी खालून वर मारत जायचं, आधी दाराखालचा उंबरठा, मग दाराची फट, शेवटी काच. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. काचेवर पाणी पडायला लागल्यावर काही मिनिटांत पॅडच्या खालच्या कडेतून ओघळ आला.

पॅड काढलं. काच फिरवायच्या दांड्याची क्लिप फडक्याने ओढून निघते, बाकी दोन स्क्रू आणि प्लास्टिकच्या क्लिपा. मागे बघतो तर पडद्याला ब्लेडने मोठा चौकोन कापलेला. नातवासाठी मागे स्पीकर बसवून घेतले होते. बसवणाऱ्याने वायर ओढायला पडदा कापला आणि वर खाकी पॅकिंग टेप मारली. ती टेप पहिल्याच पावसाळ्यात सुटली. काचेवरून उतरणारं पाणी चौकोनातून अलीकडे, पॅडच्या पाठीवरून उंबरठ्यावर, तिथून कार्पेटखाली. कार्पेट वरून सुकं लागलं तरी त्याखालचा जाड फोम आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो आणि त्याखाली गाडीचा फ्लोअर असतो. म्हणून नुसतं कार्पेट उन्हात टाकून भागत नाही, सीट काढून फोम उचलावा लागतो. आम्ही उचलला, पिळला. फ्लोअरवर रंग शाबूत होता, हे नशीब.

पडद्याबद्दल एक जाता जाता सांगतो. काही नव्या गाड्यांत बाजूची धडक ओळखायला दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. अशा दारात पडदा फाटका ठेवला तर प्रश्न ओलीपुरता राहत नाही, एअरबॅगच्या कामात गडबड होऊ शकते. काकांच्या गाडीत तसं काही नव्हतं. पण स्पीकरवाल्याच्या हातात ब्लेड दिसलं तर विचारून घ्यावं.

तिसरा दोष काचेच्या पट्टीवर सापडला. पाणी इथूनच आत जातंय असं (बरोबरच) ऐकून काकांनी हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणली आणि बीडिंगच्या कडेने सढळ हाताने भरली. पट्टी कडक झाली, काचेपासून एका बाजूला उचलली गेली, आणि पाणी आधीपेक्षा जास्त आत जाऊ लागलं. शिवाय ही स्वस्त ट्यूब व्हिनेगरसारख्या वासाची होती. सुकताना त्यातून अॅसिटिक आम्ल सुटतं, आणि उघड्या पत्र्याला ते चांगलं नाही. पेंटरला तर सिलिकॉन म्हणजे शत्रूच. त्याचा अंश राहिलेल्या जागी नवा रंग माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पाडतो. पुढे हे सगळं खरवडून काढण्यात जेवढा वेळ गेला, तेवढा वेल्डिंगलाही गेला नाही.

आणि चौथा दोष, सगळ्यात जुना. रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं. दाराच्या मधल्या भागात आकडा १२० मायक्रॉनच्या आसपास, कंपनीच्या रंगाचा असतो तेवढाच. खालच्या कडेजवळ १४००. चुंबक धरलं तर धरवेना. म्हणजे तिथे लांबी भरलेली. काकांना आठवलं, गेटला दार घासलं होतं, तेव्हा ठोकून रंगवून घेतलं होतं. लांबी म्हणजे पॉलिस्टरची पुट्टी, तिच्यात टाल्कसारखी भुकटी असते आणि ती ओल शोषते. पत्रा नीट साफ करून इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) मारून मग भरली तर चालून जातं. इथे ती थेट पत्र्यावर, दुमडीच्या कडेपर्यंत फासलेली. बाहेरून लांबीची ओल, आतून तुंबलेलं पाणी आणि मध्ये ०.७-०.८ मिलिमीटरचा पत्रा.

गंजाबद्दल थोडं. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज येतो, हे शाळेत शिकलेलं. दारात गोष्ट थोडी पुढची असते. दुमडीच्या बारीक फटीत पाणी केशाकर्षणाने वर चढून बसतं आणि सुकायचं नाव घेत नाही. फटीच्या तोंडाशी ऑक्सिजन भरपूर, आत कमी. या फरकामुळे आतला, कमी ऑक्सिजनचा भाग जास्त खाल्ला जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून दुमड आतून फुगते, सीलर फाटतो, आणि आणखी पाणी शिरायला जागा होते. बाहेरच्या रंगाला फोड दिसतो तोवर आतलं काम बरंच झालेलं असतं. त्यात आपली हवा. स्वच्छ पोलादावर साधारण ६० टक्के आर्द्रतेच्या पुढे गंजाचा वेग वाढू लागतो. पत्र्यावर मिठाचा अंश असेल तर त्याहून कमी आर्द्रतेतही. नेरूळ-बेलापूरच्या खाडीकाठाला जुलै-ऑगस्टमध्ये सरासरी आर्द्रता ८०च्या खाली उतरायलाच तयार नसते. त्यावर काका पावसाळ्यात गाडीला प्लास्टिकचं कव्हर घालायचे. ओल आत कोंडण्याचा तो आणखी एक मार्ग, तो त्याच दिवशी बंद करवला. कव्हर घालायचंच असेल तर हवा खेळणाऱ्या कापडाचं, आणि गाडी कोरडी असताना.

किती कुजलंय ते बघायला पाइप कॅमेरा मोबाइलला जोडून पोकळीत सोडला. हा कॅमेरा आता स्वस्तात मिळतो आणि अंदाजपंचे पत्रा कापण्यापासून वाचवतो. डाव्या मागच्या दारात बाहेरच्या पत्र्याची दुमड मागच्या कोपऱ्याकडे हातभर लांबीत खपल्या धरलेली, त्यात तीन ठिकाणी टोच्या आरपार गेला. आतला पत्रा आणि धडक झेलायची आडवी नळी शाबूत. पुढच्या डाव्या दारात नुसता वरवरचा गंज. मग दाराखालचा पोकळ उंबरठा, ज्याला गॅरेजवाले रनिंग बोर्ड म्हणतात. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. दार कुजलं तर दार बदलता येतं. उंबरठा गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे, जॅकचा भार त्यावर येतो, अपघातात तोही वाकण्याला विरोध करतो. रबरी बूच काढून कॅमेरा घातला. मागच्या चाकाच्या बाजूला ओला चिखल साचलेला, त्याखाली तांबूस थर, पण हातोडीच्या दांड्याने ठोकलं तर आवाज टणक. भोक नाही. उंबरठा गेला असता तर माझा सल्ला वेगळा असता, आणि तो काकांना आवडला नसता.

खर्चाचा प्रश्न आला तेव्हा काकांनी इन्शुरन्सचं विचारलं. गंज हा झिजेत धरला जातो, आपल्या मोटार पॉलिसीत झीज आणि घसारा वगळलेले असतात, तेव्हा तो विषय तिथेच संपला. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, म्हणजे या गाडीचं २०२९पर्यंत. नूतनीकरण करायचं की नाही हे तेव्हाचं तेव्हा. म्हणजे दुरुस्ती पाचेक पावसाळे टिकली तरी चालणार होती. कंपनीचं नवं दार त्या हिशेबात महाग. कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारातून रंगासकट दार मिळालं असतं, तसा विचारही झाला. पण ते दार कुठल्या गाडीचं, तिची दुमड कशी, हे कळायला तेही उघडून बघावं लागणार. ते करायचंच तर आपलं माहितीतलं दार का नको? ठरलं ते असं: मागच्या दाराची खालची पट्टी कापून नवी बसवायची, बाकी सगळं साफ करून आतून गंज रोखणारं मेण फवारायचं.

कधी करायचं, यावर मात्र वाद झाला. काकांना गणपतीला कोकणात जायचं होतं. चतुर्थी ७ सप्टेंबरला. गॅरेजातला पेंटर कसलेला माणूस, रंग जुळवण्यात त्याचा हात धरणारा नाही, पण त्याचं म्हणणं असं की आत्ताच कापू, लांबी मारू, खालची कड चारी बाजूंनी सीलरने बंद करू, आत पाणी जाणारच नाही. पाणी जाणार, हे त्याला पाइप लावून दाखवलं. राहिली हवा. रंगकामाचा जुना नियम आहे: पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसू लागते) किमान ३ अंशांनी जास्त हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणारी ओल पत्र्यावर बसते. जुलैत गॅरेजात २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के. या आकड्यांना दवबिंदू येतो २६.२. फरक दोन अंशांचाही नाही. हॅलोजनचे दिवे लावून बाहेरचा पत्रा तापवता येतो, पण कापलेल्या दाराची आतली बाजू, दुमड, उंबरठ्याची पोकळी कशी सुकवणार? घासलेल्या पत्र्यावर त्या हवेत सकाळचा चकचकीतपणा दुपारपर्यंत पिवळा पडतो. त्यावर प्रायमर मारणं म्हणजे गंज पाकीटबंद करणं.

म्हणून जुलैत एवढंच केलं. सगळ्या भोकांवरचा लेप काढला, दारं आणि उंबरठा आतून साध्या पाण्याने, गाळ निघेपर्यंत धुतले, ब्लोअरने वाळवले. मागच्या दारात नवा पडदा ताज्या ब्युटिलने बसवला, बीडिंग बदललं. पुढच्या दारात पातळ गंजरोधक तेल. मागच्या दारात तेल मुद्दाम टाळलं, कारण तिथे पुढे वेल्डिंग आणि रंग होणार होता. फोड तसेच ठेवले, फुटलेल्या जागी भोक उघडं. काका नाराज झाले. "लोक काय म्हणतील, गावी असली गाडी घेऊन जायची?" गेले मात्र. गाडी कोकणातून आली तेव्हा दारातून खळखळ नव्हती, कार्पेटखाली ठेवलेला कागद कोरडा होता आणि फोड जेवढ्यास तेवढे होते.

दसरा उलटल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात, दार उतरवलं. गंजलेल्या पट्टीच्या पुढे चांगला पत्रा लागेपर्यंत कापलं. गंजाच्या काठावर थांबलं तर वेल्डिंगला पत्रा धरत नाही. नवी पट्टी हातोडी आणि डॉलीवर (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर) वळवली, मिग वेल्डिंगने टाके मारत बसवली, एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला एक, म्हणजे पातळ पत्रा उष्णतेने लाटा धरत नाही. दुमडीच्या राहिलेल्या भागात तारेचा ब्रश पोचेल तेवढी सफाई केली आणि टॅनिक आम्लाचं कन्व्हर्टर लावलं. ते गंजाला काळ्या-निळ्या स्थिर थरात बदलतं, पण सुटलेल्या खपल्यांवर आणि दाबलेल्या फटीच्या आत त्याचा उपयोग नाही. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. मग इपॉक्सी प्रायमर, कडेला सीलर (भोकं सोडून), लांबी अगदी जेवढ्यास तेवढी आणि प्रायमरच्या वर, मग रंग.

मेणाचा क्रमांक सगळ्यात शेवटी. हे बऱ्याच ठिकाणी उलटं होतं. मेण आधी मारलं तर वेल्डिंगच्या ठिणगीने पेट घेतं, रंगाच्या भट्टीत वितळून गळतं आणि रंगात मिसळलं तर रंग धरत नाही. शिवाय वेल्डिंगने पत्र्याच्या आतल्या बाजूचा थर जळतो, तिथे हात पोचत नाही. मेणाची नळी तेवढी पोचते. पोकळीसाठीचं मेण पातळ असतं, लांब लवचीक नळीच्या टोकाला चहुबाजूंनी फवारणारं नोझल. काच पूर्ण वर चढवायची म्हणजे पोकळी मोकळी होते, नळी एका टोकापर्यंत घालून फवारत हळूहळू मागे ओढायची. द्रावक उडण्याआधी ते पाण्याच्याच वाटेने दुमडीत शिरतं. काचेची खाच आणि काच चढवणारी मशीन वाचवायची. उंबरठ्यात दोन्ही बाजूंच्या बुचांतून फवारलं. गाडी दारं उघडी ठेवून दिवसभर मोकळ्या हवेत उभी केली, कारण त्या वाफा ज्वलनशील. आणि मेण बसल्यावर परत तीच बांबूची काडी प्रत्येक भोकात. मेणानेही भोक बुजतं. कोटिंगवाल्याने केलं तेच आपण मेणाने करायचं नाही.

कोटिंगवाल्यांवर मात्र सरसकट राग नाही. चाकांच्या कमानीत, फ्लोअरखाली दगड उडतात तिथे जाड लेप उपयोगी पडतो. पण तो गंजावर, चिखलावर मारला तर ओल खाली कोंडते आणि वरून सगळं काळं, गुळगुळीत, छान दिसतं. गाडी लेप लावायला द्याल तेव्हा दारांची, उंबरठ्याची, डिकीच्या तळाची भोकं टेपने झाकायला सांगा आणि गाडी घेताना पाण्याची बाटली काचेच्या पट्टीवर ओतून बघा. पाणी खालून थेंबथेंब पडायला हवं.

२०२५ला पाऊस मे संपायच्या आतच मुंबईत येऊन दाखल झाला, त्यामुळे तपासणीची वेळही लवकर आली. जूनमध्ये पॅड काढून बघितलं. मागच्या दाराची पन्हळ ओली, पण पाणी नाही. पडदा घट्ट. नव्या पट्टीवर मेणाचा थर जागेवर. पुढच्या दारातला जुना वरवरचा गंज होता तेवढाच. उंबरठ्यात थोडी धूळ. मागच्या दाराच्या पुढच्या टोकाला मात्र, जिथे जुनी दुमड ठेवली होती, मसुराएवढा नवा फोड आला आहे. तिथे फटीत गंज राहिला होता, तो पूर्ण जाणार नाही हे कापतानाच दिसत होतं. तो फोड फोडून, साफ करून, टचअप केलाय. पुढच्या पावसाळ्यात परत येईल. आला की परत तेच. २०२९पर्यंत दाराला त्याने भोक पडणार नाही, असा माझा अंदाज आहे.

काकांनी दोन गोष्टी बदलल्या आहेत. गाडी आता अधूनमधून उजवी बाजू भिंतीला लावून उभी करतात, म्हणजे डाव्या बाजूला ऊन लागतं. आणि सकाळी गाडी धुणाऱ्या मुलाला बादलीभर पाणी काचेवर न फेकता ओल्या फडक्याने पुसायला सांगितलंय. तो ऐकत नाही, ही त्यांची नवी तक्रार आहे. मी त्यांना म्हटलं, "काका, फेकू दे. भोकं उघडी आहेत."